मावशी, तोर्तिया आणि भाताचा प्रश्न: गोव्यात पहिल्यांदा मेक्सिकन जेवायला जाताना

मावशी सावंतवाडीहून आली होती. सोबत सून आणि कॉलेजात जाणारी नात, म्हणजे माझी पुतणी. दोन दिवस बांगडे, तिसऱ्या दिवशी सुंगटं (कोळंबी) झाल्यावर नातीने जाहीर केलं, "काका, मला मेक्सिकन खायचंय." मावशीने चष्मा कपाळावर सरकवला आणि एकच विचारलं, "थंय भात मेळता?"

मिळतो. लाल भात असतो, टोमॅटोत शिजवलेला. एवढ्यावर ती तयार झाली.

पर्वरीत राहायला आल्यापासून पाहुण्यांना अशा हॉटेलांत नेण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं आहे. पणजी, आसगाव, हणजूण, कळंगुट, या पट्ट्यात जगातल्या सगळ्या स्वयंपाकघरांची दुकानं लागलेली आहेत आणि मेक्सिकन त्यांतलं बरंच गर्दीचं. पण आपल्या माणसांचा तिथे गेल्यावर हमखास घोटाळा होतो. मेनूकार्ड उघडतात, गोंधळतात आणि शेवटी ओळखीचं म्हणून नाचोज आणि कोक मागवतात. मग घरी येऊन "काय ते, चिवडाच की" म्हणतात. हे होऊ नये म्हणून पुढचं सगळं लिहितो आहे.

जाण्याआधी

फोन करा. शनिवार-रविवारी आणि डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की गर्दीचं विचारूच नका. सरळ टेबल राखून ठेवायला सांगा. जून ते सप्टेंबर किनाऱ्याजवळच्या बऱ्याच जागा बंद असतात, त्यामुळे पावसाळ्यात "चालू आहे ना?" हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न सुट्टीच्या वाराचा. तिसरा, दुपारी स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं आणि संध्याकाळी कधी उघडतं. दुपारी चारला पोचून दारावरच्या पाटीकडे बघत उभं राहण्याचा अनुभव मी घेतला आहे, तोही सहा जणांसह.

फोनवरच खाण्याच्या अडचणी सांगून टाका. शाकाहारी किती, शेंगदाणे कोणाला चालत नाहीत, डुकराचं किंवा बीफ चालणार नाही, लहान मूल आहे. टेबलावर बसल्यावर, बाजूला संगीत वाजत असताना वेटरला हे समजावणं म्हणजे त्याचीही परीक्षा आणि तुमचीही. कांदा-लसूण अजिबात न खाणारं कोणी असेल तर स्पष्ट सांगतो, त्यांना दुसरीकडे न्या. या जेवणातून कांदा-लसूण काढला तर उरतं ते मक्याचं पान आणि लिंबू.

गाडीचं आधी ठरवा. पिणारा असेल तर चालवणारा वेगळा, नाहीतर टॅक्सी. गोव्यात दारू स्वस्त म्हणून आलेले पाहुणे एक गोष्ट विसरतात: पिऊन गाडी चालवताना सापडल्यास पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत तुरुंग किंवा दोन्ही, असा २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा कायदा आहे. रात्री उशिरा आसगावच्या आतल्या गल्ल्यांत टॅक्सी पटकन मिळत नाही, पायलट म्हणजे भाड्याची मोटरसायकलही नाही. येताना ज्याच्या गाडीतून आलात त्यालाच परतीची वेळ सांगून ठेवा.

हे जेवण परकं नाही

मेनू वाचण्याआधी एवढं डोक्यात असलं की भीती जाते. अल्बुकर्कने गोवा घेतला १५१० मध्ये. कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला १५१९ मध्ये आणि दोन वर्षांत आस्तेक लोकांची राजधानी पडली. एकीकडे पोर्तुगीज, दुसरीकडे स्पॅनिश. पण जहाजांच्या पोटातून जे बाहेर पडलं ते जगभर फिरलं. अमेरिका खंडातली मिरची पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. त्याआधी आपल्या जेवणातला तिखटपणा मिऱ्यांचा होता. मिरीवरूनच मिरची, कोकणीत मिरसांग. मका, टोमॅटो, पेरू, पपई, अननस, चिकू, काजू, सगळी तिकडचीच मंडळी. हरमलची मिरची आणि काणकोणची खोला मिरची आपण आज अभिमानाने आपली म्हणतो. त्यांचं आजोळ समुद्रापलीकडे आहे.

उलटंही झालं. गहू, तांदूळ, डुक्कर, गाय आणि तिचं दूध, कांदा, लिंबू, कोथिंबीर स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोत नेली. १५६५ पासून अडीचशे वर्षं मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतं चालत होती, आणि आशियातल्या किती तरी वस्तू त्या वाटेने पलीकडे गेल्या. मेक्सिकोत चिंचेचं सरबत मिळतं. चिंचेला ते 'तामारिंदो' म्हणतात, मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'हिंदी खजूर'. मेनूत दिसलं तर मागवा. आपल्या चिंचेच्या पन्ह्याचा चुलतभाऊ.

टोमॅटो, चॉकलेट, आवोकादो, चिली हे शब्द स्पॅनिशही नाहीत, त्याआधीच्या, आस्तेक लोकांच्या नावात्ल भाषेतले आहेत. आणि हो, तो 'चिली' आणि चिली नावाचा देश यांचा काही संबंध नाही. पुतणीने पैज लावली होती.

कार्ड कसं वाचायचं

उच्चारांनी घाबरू नका. स्पॅनिशमध्ये दोन 'एल' जोडून आले की साधारण 'य' म्हणायचा आणि 'जे' आला की 'ह'. म्हणून तोर्तिया, केसादिया, हालापेन्यो. 'टॉर्टिल्ला' म्हटलं तरी वेटर समजतो. तो बहुतेक नेपाळचा, ओडिशाचा किंवा ईशान्येकडचा असतो आणि त्यानेही ते शब्द इथेच शिकलेले असतात. घरात पोर्तुगीज जाणणारे कोणी आजोबा असतील तर त्यांना सोबत घ्या. केसो म्हणजे चीज, आरोस म्हणजे भात, कामारोन म्हणजे कोळंबी. त्यांना अर्धं कार्ड न सांगता कळतं. पोयो म्हणजे चिकन, पेस्कादो म्हणजे मासे.

जपून वाचायचे शब्द असे. कार्ने म्हणजे मांस, आणि 'कार्ने आसादा' लिहिलं असेल तर बहुतेक वेळा भाजलेलं बीफ. 'कार्नितास' डुकराचं, त्याच्याच चरबीत मंद शिजवलेलं. 'चोरिसो' म्हणजे आपल्या चोरीसचा नातलग, तोही डुकराचाच. आपला वाळवून माळेत ओवलेला, व्हिनेगरचा; त्यांचा बहुधा ओला, कढईत मोकळा करून परतायचा. 'आल पास्तोर' हे सगळ्यांत गमतीचं. लेबनॉनहून मेक्सिकोत गेलेल्या लोकांनी उभ्या सळईवर शवर्मा भाजायची रीत नेली. तिथे मटणाच्या जागी डुकराचं मांस आलं, मसाल्यात लाल मिरची आली आणि वर अननस बसला. त्या सळईवरच्या ढिगाला ते 'त्रोम्पो' म्हणतात, म्हणजे भोवरा. आकार बघितलात की पटतं.

आता पदार्थ. सगळ्याचं मूळ तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ भाकरी. आपल्या बायका म्हणतील, मक्याची भाकरी तर तुटते, ही दुमडते कशी? यातच सगळी युक्ती आहे. मका कोरडा दळत नाहीत. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळायचे, रात्रभर त्यातच ठेवायचे, सकाळी चोळून धुवायचे, साल निघून जातं, आणि मग ओलेच वाटायचे. हा चुना म्हणजे पानाला लावतो त्याच जातीचा. चुन्याने पीठ चिकट होतं, लवचिक होतं, वास बदलतो आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व शरीराला लागू पडतं. युरोपातल्या लोकांनी मका उचलला पण चुन्याची रीत उचलली नाही. जिथे गरीब माणसं नुसत्या मक्यावर जगत होती तिथे पेलाग्रा नावाच्या त्वचेच्या आणि पोटाच्या रोगाने माणसं खंगली. मेक्सिकोतल्या बायकांना हे हजारो वर्षांपासून ठाऊक होतं. त्या वाटण करायच्या तो दगड, 'मेताते', तुम्ही चित्रात बघाल तर पाटा-वरवंटाच म्हणाल. आणि भाजायचा तवा म्हणजे 'कोमाल'.

म्हणून हॉटेलात पहिला प्रश्न हाच विचारा: तोर्तिया मक्याची की मैद्याची, आणि इथेच करता का? जिथे "इथेच करतो" असं उत्तर येतं तिथे पुढचं जेवण चांगलं निघतं, असा माझा अनुभव. पाकिटातली तोर्तिया ताटात आली की कागदाची चव लागते. मग कितीही चांगला मसाला घाला.

टाको म्हणजे त्या छोट्या तोर्तियावर मांस, मासे किंवा भाजी, वर कांदा-कोथिंबीर, लिंबू. कडक, कुरकुरीत, अर्धचंद्राकार टाको ही अमेरिकेतली सवय; मेक्सिकोतला टाको मऊ असतो. बुरितो म्हणजे मोठ्या मैद्याच्या तोर्तियात भात, राजमा, चीज भरून केलेली गुंडाळी. उत्तर मेक्सिकोतला पदार्थ, कारण तिथे गहू पिकतो. शब्दशः अर्थ 'छोटं गाढव'. केसादिया म्हणजे तोर्तियात चीज भरून तव्यावर भाजलेली घडी. मुलांसाठी हीच. एंचिलादा म्हणजे तोर्तियाची वळकटी करून वरून मिरचीची आमटी ओतलेली. ती काट्याने खायची. फाहिता, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या पट्ट्या, टेक्सासमधल्या मेक्सिकन लोकांची. तडतडणाऱ्या लोखंडी ताटलीत कांदा-ढोबळी मिरचीसोबत येते, सगळं हॉटेल वळून बघतं. बाकी टेबलांना आवडतं, शेजारच्याच्या शर्टला नाही.

नाचोज कमी लेखू नका, पण सुरुवातीला मोठी ताटली मागवू नका. १९४० च्या दशकात पिएद्रास नेग्रास या सरहद्दीवरच्या गावी इग्नासिओ आनाया नावाच्या गृहस्थाने हे पहिल्यांदा केलं. सरहद्दीपलीकडून बायका आल्या, स्वयंपाकी जागेवर नव्हता, मग त्याने तळलेल्या तोर्तियाच्या तुकड्यांवर चीज आणि हालापेन्यो ठेवून भट्टीत घातलं. इग्नासिओ नावाच्या माणसाला लाडाने 'नाचो' म्हणतात. घरात पाहुणे आणि आई बाहेर, अशा वेळी आपण जे करतो तेच. पण एवढं खाल्लं की पोट भरतं आणि खरं जेवण राहून जातं.

आणखी दोन नावं. ग्वाकामोले म्हणजे आवोकादो, ज्याला आपल्याकडे बाजारात बटर फ्रूट म्हणतात, तो कुस्करून त्यात कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू. कोशिंबीरच. महाग असते, कारण फळ महाग. समोर दगडी खलात करून देत असतील तर पैसे द्यावेत. तासाभरापूर्वीची काळवंडलेली असेल तर परत पाठवावी. 'मोले' मात्र वेगळं प्रकरण. वाळलेल्या मिरच्या, तीळ, दाणे, मसाले, कधी थोडं कडू चॉकलेट, सगळं भाजून-वाटून तासन्‌तास शिजवलेलं. चॉकलेटचं नाव ऐकून मावशीने नाक मुरडलं. एक घास घेऊन म्हणाली, "आमच्या शाकुतीसारखां मसालो भाजलेलो दिसता." खोबरं नाही एवढाच फरक. मोले मेनूवर असेल आणि वेटर सांगत असेल की आज आहे, तर मागवा. ते करायला वेळ लागतो म्हणून थोड्याच ठिकाणी मिळतं.

शाकाहारी असाल तर

या बाबतीत मी थोडा कडक आहे. कारण सांगतो. एका ठिकाणी, नाव नको, सोमवार होता. वहिनीसाठी 'व्हेज' टाको, राजमा, भात मागवला. अर्धं जेवण झाल्यावर मी सहज विचारलं, भाताला इतकी चव कशाने? वेटर हसतमुखाने म्हणाला, "चिकनच्या पाण्यात शिजवतो ना, सर." वहिनीने ताट सरकवलं आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. चूक अर्धी त्यांची, अर्धी माझी. मी कार्डावरचा हिरवा ठिपका बघितला, विचारलं नाही.

विचारायच्या गोष्टी चार. भात कशात शिजवता? राजमा कशात परतता? मेक्सिकोतल्या पारंपरिक पद्धतीत तो डुकराच्या चरबीत परततात. कार्डावर त्याला 'रिफ्राइड बीन्स' म्हणतात, पण मूळ स्पॅनिश शब्दाचा अर्थ दोनदा तळलेला नव्हे, चांगला परतलेला. आपल्याकडची बहुतेक हॉटेलं तेलच वापरतात, तरी विचारा. मेयोनीजमध्ये अंडं आहे का? चिपोत्ले मेयो, लसणाचा पांढरा सॉस, यांत असू शकतं. आणि भाजीचं मटणाच्याच तव्यावर होतं का, हे ज्यांना महत्त्वाचं त्यांनी.

बाकी शाकाहारी माणसाची चंगळ आहे. राजमा मुळात तिकडचाच. मशरूम, ढोबळी, मका, पनीरसारखं ताजं चीज, लाल भोपळ्याची फुलं मिळाली तर नशीब. 'एस्कितेस' नावाची वाटी मागवा: मक्याचे दाणे, मेयो, चीज, तिखट, लिंबू. पावसात मिरामारला कणसावर तिखट-मीठ-लिंबू चोळून देतात ना, त्याचं श्रीमंत रूप. अंड्याचं मेयो नको असेल तर तसं सांगा, चीज-लिंबावरही छान लागतं.

तिखटाचा हिशोब

टेबलावर दोन-तीन वाट्या येतील. त्या चटण्या, 'साल्सा' म्हणजे नुसता सॉस. लाल, हिरवी आणि कच्च्या टोमॅटो-कांद्याची चिरलेली. तिसरीला 'पिको दे गायो' म्हणतात, म्हणजे कोंबड्याची चोच. नाव असं का, यावर जितकी माणसं तितक्या कथा. हिरवी मुळात 'तोमातियो' नावाच्या फळाची. रसभरीच्या कुटुंबातलं, तसंच कागदी आवरणात असतं. आपल्याकडे मिळणं कठीण, म्हणून कच्चे टोमॅटो वापरलेले दिसतात.

चटण्या आल्यावर आधी चमच्याच्या टोकावर घेऊन चाखा. आपल्याला वाटतं आपण तिखट खाणारी माणसं. खरं आहे, पण मिरची मिरचीत फरक. हालापेन्यो तिखटपणाच्या स्कोव्हिल मोजमापात साधारण अडीच हजार ते आठ हजार, म्हणजे आपल्या रोजच्या हिरव्या मिरचीहून सौम्य. हाबानेरो एक लाख ते साडेतीन लाख. केशरी रंगाची, वासाला फळासारखी गोड, आणि मग तोंडात आग. पुतणीने हाबानेरोच्या चटणीत अख्खा चिप बुडवला आणि पाण्याचे तीन ग्लास रिकामे केले. पाण्याने काही होत नाही, तिखटातलं द्रव्य पाण्यात विरघळत नाही. दूध, दही, आंबट साय घ्या. टेबलावरची पांढरी वाटी त्यासाठीच ठेवा जवळ. सोलकढी मिळणार नाही. मी विचारून बघितलं.

चिपोत्ले म्हणजे वेगळी मिरची नव्हे; पिकलेला हालापेन्यो धुरावर वाळवलेला. तो ज्या व्हिनेगर-टोमॅटोच्या मसाल्यात मुरवलेला असतो त्याला 'आदोबो' म्हणतात, आणि त्याची चव आपल्या रेशाद मसाल्याच्या इतकी जवळ जाते की बांगड्यात भरून बघावंसं वाटतं. मी भरला आहे. चांगला लागला.

मागवायचं किती आणि कसं

चार माणसं असाल तर एक ग्वाकामोले-चिप्स मधे, एक एस्कितेस, मग माणशी दोन-तीन टाको वेगवेगळ्या प्रकारचे, आणि शेवटी एखादी मोठी ताटली वाटून: एंचिलादा किंवा फाहिता. एकदम सगळं मागवू नका. टाको गरम असतानाच खायचा असतो; फोटो काढेपर्यंत तोर्तिया ओली होते आणि तळाशी भोक पडतं. पहिल्या फेरीनंतर दुसरी मागवा. वेटर वैतागत नाही, उलट स्वयंपाकघराला सोपं जातं.

गोव्यात आहात, तर माशाचा किंवा कोळंबीचा टाको घ्याच. मूळ प्रकार मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा, पिठात बुडवून तळलेला मासा, कोबी, पांढरा सॉस. "आजचा मासा कुठला?" हा प्रश्न इथल्या माणसाने विचारायचाच असतो. मोडसो किंवा चोणक असेल तर माझे डोळे मिटून हो. नुसतं "फिश" असं उत्तर आलं तर मी चिकन घेतो.

आणि तो भात. जेवणाच्या मध्यावर मागवा, शेवटी नाही. मावशीला ताक-भाताची सवय. शेवटी भात मागवला आणि सोबत ताक नाही म्हटल्यावर तिला जेवण संपल्यासारखं वाटेना.

खाण्याची रीत

हाताने. हे सांगायला किती बरं वाटतं. काटा-चमचा हातात घेऊन टाको खाणारा माणूस म्हणजे सुरीने वडापाव कापणारा. टाको दोन्ही टोकांना चिमटीत धरायचा, आडवाच ठेवायचा, आणि मान तिरकी करून त्याच्याकडे जायचं. टाको तिरका केला की सगळं मांडीवर. लिंबू पिळायचं विसरू नका. ते शोभेला ठेवलेलं नाही, मिठाइतकंच आवश्यक आहे. खाली दोन तोर्तिया एकावर एक दिल्या असतील तर ते चुकून नाही. वरची फाटली तर खालची सांभाळते. काही सांडलं तर उरलेल्या खालच्या तोर्तियात तो ऐवज गोळा करून आणखी एक टाको होतो.

बुरितो कागदात गुंडाळलेला येतो. सगळा कागद एकदम काढू नका. वरून जेवढं खाल तेवढाच सोला.

तामाले, म्हणजे मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेलं मक्याचं पीठ, आलं तर वरचं पान खायचं नसतं. हसू नका, लोक खातात. आपण पातोळीचं हळदीचं पान जसं सोडवतो तसं सोडवा.

प्यायला

गोव्यात दारूसाठी वय २१ पूर्ण हवं. पुतणी वीस वर्षांची, म्हणून तिला जास्वंदीचं लाल सरबत. कार्डावर 'हामाइका' किंवा हिबिस्कस लिहिलेलं असतं, पण ती देवाला वाहतो ती जास्वंद नव्हे. लाल अंबाडीची बोंडं आहेत. आंबट-तुरट, थंड, सुंदर. 'ओर्चाता' म्हणजे भिजवलेले तांदूळ वाटून दालचिनी घातलेलं गोड पेय, पोटाला शांत.

मार्गारिता घेणार असाल तर कडेला मीठ हवं की नको ते सांगा. तेकिला निळ्या आगावेपासून करतात, आणि आगावे म्हणजे आपल्या सड्यावर काटेरी कुंपणाला लावलेली घायपात असते त्याच कुळातलं झाड. ते निळं आगावे तयार व्हायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणून चांगली तेकिला स्वस्त नसते. बाटलीवर 'शंभर टक्के आगावे' लिहिलं आहे का बघा. नुसतं तेकिला लिहिलं असेल तर त्यात निम्म्याच्या आसपास दुसऱ्या साखरेची दारूही असू शकते. मेस्काल धुरकट लागते, कारण झाडाचा गाभा जमिनीतल्या खड्ड्यात भाजतात. ज्याला हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, आवडते त्याला ती आवडेल. काही ठिकाणी काजू फेणीचा मार्गारिता करतात. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तिला असं लिंबू-मिठात बुडवावं का यावर माझ्या मित्रांत दोन तट आहेत. मी बुडवणाऱ्यांत.

गोड आणि बिल

चुरोस म्हणजे लांबट तळलेलं, दालचिनी-साखर लावलेलं, चॉकलेटात बुडवायचं. गरम असेल तरच. 'फ्लान' आलं तर गोव्यातल्या माणसाला ओळख सांगायला नको. घरोघरचं कॅरामल पुडिंग. 'त्रेस लेचेस' म्हणजे तीन दुधांत भिजवलेला केक, चौघांत एक पुरतो.

बिल आल्यावर वाचा. खाण्यावर बहुतेक ठिकाणी ५ टक्के जीएसटी, दारूवर जीएसटी नाही तर राज्याचा वेगळा कर. म्हणून दोन ओळी दिसतील, घाबरू नका. 'सर्व्हिस चार्ज' मात्र आपोआप जोडता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. लावला असेल तर शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पण वेटरने चांगलं सांभाळलं असेल तर त्याच्या हातात टीप द्या. मी नेहमी रोख देतो, म्हणजे ती त्याच्याचकडे राहते.

उरलेलं बांधून घ्या, चटण्या वेगळ्या, तोर्तिया वेगळ्या. एकत्र बांधलं तर सकाळी लगदा. तोर्तिया तव्यावर नुसत्या गरम केल्या की परत मऊ होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून स्वयंपाकघरात गेलो तर मावशी तवा तापवून बसली होती. उरलेल्या चार तोर्तिया, त्यांत रात्रीच केलेली सुक्या सुंगटांची किसमूर, वर कांदा आणि लिंबू. मान तिरकी करून खात होती. मला बघून म्हणाली, "भात बरो होतो रे थंयचो. पण ही भाकरी मात खंय मेळता तां विचारून ठेव."